ॲडजटाइम चालू, एरर शून्य, तरी घड्याळ पुढेच पळतंय: एका सर्व्हरचं प्रकरण

मोजमापं गोळा करणारा एक लिनक्स सर्व्हर आहे. बाहेरच्या इंटरनेटशी त्याचा संबंध नाही, आतल्या नेटवर्कवर एक संदर्भ मशीन आहे ज्याची वेळ बरोबर धरायची, आणि दर मिनिटाला सी मध्ये लिहिलेला एक छोटासा डेमन, म्हणजे मागे सतत चालू राहणारा प्रोग्राम, त्या मशीनला वेळ विचारतो, आपल्या घड्याळाशी ताडून बघतो आणि जो फरक निघेल तो ॲडजटाइमला, म्हणजे घड्याळातला फरक हळूहळू जिरवणाऱ्या फंक्शनला, देतो. वर्षानुवर्षं हे नीट चालत होतं. मग हार्डवेअर जुनं झालं म्हणून डिस्कची इमेज जशीच्या तशी नव्या मशीनवर टाकली, वेळ एकदा हाताने जुळवली, सगळं सुरू झालं. आठवडाही झाला नसेल, तक्रार आली की लॉगिनचा सहा आकडी कोड कधी चालतो आणि कधी चालत नाही.

ही "कधी चालतो कधी नाही" वाली तक्रार फार कामाची होती. हे कोड वेळेवरून बनतात, आरएफसी ६२३८ या इंटरनेट दस्तऐवजातली पद्धत, ३० सेकंदांचा एक कप्पा, आणि सर्व्हर बहुतेक वेळा एक कप्पा मागचा-पुढचा चालवून घेतो. म्हणजे सर्व्हरचं घड्याळ ३० सेकंदांपेक्षा कमी चुकलं असेल तर कोणाला काही कळतच नाही, ६० च्या वर गेलं तर कोणालाच लॉगिन होत नाही, आणि मधल्या पट्ट्यात असेल तर काहींना होतं काहींना नाही. संदर्भ मशीनशी ताडलं तर सर्व्हर ३८ सेकंद पुढे होता. ३८ म्हणजे ३० अधिक ८, म्हणजे प्रत्येक कप्प्यातले ८ सेकंद असे की फरक दोन कप्प्यांचा होतो, साधारण चारात एक लॉगिन फसायला हवं, आणि तेच होत होतं.

आता गोंधळात टाकणारी गोष्ट ही की डेमन चालू होता. बंद पडलेला नव्हता, अडकलेला नव्हता, दर मिनिटाला ॲडजटाइम बोलावत होता आणि प्रत्येक वेळी उत्तर शून्य, म्हणजे यशस्वी. परवानगीचा प्रश्न असता तर ईपर्म, म्हणजे परवानगी नसल्याचा एरर, आला असता. बरं, दिशा उलटी झाली असेल, प्लसच्या जागी मायनस गेला असेल, अशी शंका पहिली येते, पण मग जुन्या मशीनवरही बोंब झाली असती. तेच बायनरी, तीच सेटिंग्ज.

इथे ॲडजटाइम नक्की काय करतं ते बघायला लागतं, कारण सगळं प्रकरण त्याच्यातच आहे. हा कॉल ४.३ बीएसडी या बर्कलीच्या युनिक्समध्ये आला, तिथल्या गुझेला आणि झाट्टी यांनी नेटवर्कवरच्या मशीन्सची वेळ जुळवणारा जो टाइम डेमन केला त्याच्यासाठी. कल्पना साधी आणि सुंदर आहे: घड्याळाला एकदम उडी मारायला लावायची नाही, त्याचा वेग किंचित बदलायचा आणि फरक हळूहळू जिरवायचा. घड्याळ पुढे असेल तर ते मागे जात नाही, फक्त थोडं सावकाश चालतं, त्यामुळे नंतर घेतलेली वेळ आधीच्या वेळेपेक्षा कधीच कमी येत नाही. लिनक्सवर ॲडजटाइम हे ग्लिबसीतलं, म्हणजे लिनक्सच्या सी लायब्ररीतलं, फंक्शन आहे आणि खाली कर्नलमध्ये, सिस्टमच्या गाभ्यात, काम ॲडजटाइमेक्स या दुसऱ्या कॉलच्या यंत्रणेतून होतं. आणि तिथे वेगाला मर्यादा आहे, सेकंदाला जास्तीत जास्त ५०० मायक्रोसेकंद, म्हणजे ५०० पीपीएम, दहा लाखात पाचशे. तुम्ही एक सेकंद दुरुस्त करायला सांगा, २००० सेकंद लागणार, ३३ मिनिटं २० सेकंद. ३८ सेकंद सांगा, ७६,००० सेकंद, २१ तासांच्या वर. युनिक्स घराण्यातल्या फ्रीबीएसडीत फरक एका सेकंदापेक्षा मोठा असेल तर हा वेग दसपट, ५००० पीपीएम होतो, त्यामुळे एकीकडचा अंदाज दुसरीकडे लावू नये.

दुसरी गोष्ट, नवा कॉल आला की आधीच्या मागणीचा जो भाग झाला तो झाला, उरलेला रद्द होतो आणि नवा आकडा त्याची जागा घेतो. बेरीज होत नाही. म्हणून दर मिनिटाला ताजा फरक मोजून देणं हे बरोबरच आहे, त्यात खोट नाही. आणि तिसरी, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: कॉल शून्य परत देतो म्हणजे दुरुस्ती झाली असं नाही, मागणी नोंदवली गेली एवढंच. काम किती बाकी आहे ते दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये, ओल्डडेल्टामध्ये, परत मिळतं. आपल्या डेमनमध्ये तिथे नल, म्हणजे "काही परत नको", दिलेला होता. अशा कोडमध्ये हे सर्रास दिसतं कारण मॅन्युअल तशी मुभा देतं, पण यंत्रणा दमली आहे हे सांगणारी खिडकी तीच एक असते आणि ती आपल्या हाताने बंद केलेली असते.

नशिबाने डेमन दर मिनिटाचा मोजलेला फरक एका फाइलमध्ये लिहून ठेवत होता. तो आलेखावर काढला. सरळ रेघ, पार रुळासारखी, नव्या मशीनवर चालू झाल्यापासून दर मिनिटाला साधारण ४.८ मिलिसेकंदांची वाढ. दिवसाला ६.९ सेकंद, आणि ३८ भागिले ६.९ म्हणजे साडेपाच दिवस, तारीख नव्या मशीनच्या पहिल्या बूटवर जाऊन बसते. उडी कुठे नाही, पायरी कुठे नाही. अशी रेघ दिसली की समजायचं प्रश्न वेळेचा नाही, वेगाचा आहे. एका मिनिटात ४.८ मिलिसेकंद म्हणजे ८० पीपीएम. आता डेमन पूर्ण ताकदीने ५०० पीपीएमने मागे ओढतोय आणि तरी ८० पीपीएमने पुढे जातंय, तर मूळ घड्याळ ५८० पीपीएमने पळत असलं पाहिजे. टाकीत पाणी येतंय मिनिटाला अट्ठावन्न लिटर आणि तोटीतून जास्तीत जास्त जातंय पन्नास, तोटी कितीही इमानाने उघडी ठेवा, टाकी भरणारच.

५८० पीपीएम हा आकडा मला पटला नाही. साध्या मदरबोर्डवरचं क्रिस्टल, ज्याच्या ठोक्यांवर घड्याळ चालतं ते, वीस-तीस पीपीएमच्या आसपास चुकतं, ५० पीपीएम म्हणजे दिवसाला ४.३ सेकंद, तेही खराबच मानायचं. ५८० म्हणजे दिवसाला ५० सेकंद. क्रिस्टल इतकं खराब असू शकतं पण आधी दुसऱ्या कोणी वेग बदलला आहे का ते बघायला हवं, आणि ते बघायची सोय लिनक्समध्ये आहे. क्लॉक मोनोटॉनिक रॉ नावाचं एक घड्याळ २.६.२८ कर्नलपासून आहे, त्याला ॲडजटाइम, एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवायची नेहमीची पद्धत), कशाचाच हात लागत नाही, हार्डवेअर जसं चालतं तसं ते दिसतं. नुसतं क्लॉक मोनोटॉनिक, म्हणजे कधी मागे न जाणारं घड्याळ, घेऊन भागत नाही हे लक्षात ठेवा, ते उडी मारत नाही हे खरं, पण वेगातल्या बदलाचा परिणाम त्याच्यावर होतो, आणि पुष्कळ लोक इथेच फसतात.

तर संदर्भ मशीनवर १००० सेकंद जाऊ दिले आणि दोन्ही घड्याळं बघितली. रॉ म्हणालं ९९९.९८० सेकंद गेले, म्हणजे नव्या बोर्डचं क्रिस्टल उलट २० पीपीएमने मंद, एकदम सभ्य. आणि नेहमीचं घड्याळ म्हणालं १०००.०८० गेले. दोघांत १०० पीपीएमचा फरक, पुढच्या दिशेने. पण कर्नलला दिलेली एकमेव ज्ञात दुरुस्ती मागच्या दिशेने ५०० ची होती. म्हणजे कर्नलच्या आत कुठेतरी अधिक ६०० पीपीएम बसलेले आहेत. हार्डवेअर सुटलं, आरोपी सॉफ्टवेअरमध्ये.

मग ॲडजटाइमेक्स याच नावाच्या कमांडने कर्नलची अवस्था छापली. फ्रिक्वेन्सी, म्हणजे वेगाची बारीक दुरुस्ती, शून्य. टिक १०००६.

टिकची नेहमीची किंमत १०,००० असते. एकक मायक्रोसेकंद, अर्थ असा की सेकंदाच्या प्रत्येक शंभराव्या भागाला घड्याळात एवढे मायक्रोसेकंद मिळवायचे. हल्लीचे कर्नल प्रत्यक्षात असं ठोक्याठोक्याने चालत नाहीत पण बाहेरून दिसणारी मूठ तीच ठेवली आहे. एक अंक वाढवला की १०० पीपीएम. ६ अंक, ६०० पीपीएम. हिशोब तंतोतंत जुळला: क्रिस्टलचे उणे २०, टिकचे अधिक ६००, ॲडजटाइमचे उणे ५००, उरले अधिक ८०.

कुठून आला हा १०००६? ईटीसीतल्या डिफॉल्ट फोल्डरमध्ये ॲडजटाइमेक्स नावाची एक फाइल असते, डेबियन लिनक्समधल्या त्याच नावाच्या पॅकेजची, आणि त्यातली टिक आणि फ्रिक्वेन्सी बूट होताना कर्नलला लावली जाते. जुन्या मशीनचं घड्याळ ६०० पीपीएमच्या आसपास मंद होतं आणि कोणीतरी अतिशय समजून-उमजून ते मोजून तिथे १०००६ लिहिलं होतं. त्या मशीनसाठी ते शंभर टक्के योग्य होतं, त्याच्याशिवाय तिथेही ॲडजटाइम पुरलंच नसतं. पण वेगाची दुरुस्ती ही त्या क्रिस्टलची असते, त्या बोर्डची असते, आणि डिस्कची इमेज हलवली की ती फाइल आपली निमूटपणे नव्या बोर्डवर येऊन बसते. मशीन बदलताना आयपी बदलतो, होस्टनेम बघतो, डिस्कचे आयडी बघतो, ही फाइल कोणाच्या यादीत नसते. एनटीपीच्या ड्रिफ्ट फाइलचंही असंच, तिच्यातही घड्याळाच्या वेगाची मोजलेली चूक असते, ती सुद्धा नव्या हार्डवेअरवर नेऊ नये.

मध्ये एक प्रश्न विचारला गेला की घरचा डेमन कशाला, सरळ एनटीपीडी, म्हणजे एनटीपीचा तयार डेमन, असतं तर हे झालंच नसतं ना. झालं असतं, आणि जास्त वाईट झालं असतं. एनटीपीडीची वेगदुरुस्तीची मर्यादाही ५०० पीपीएमच आहे, ५८० त्याच्या आवाक्याबाहेर. फरक साठत जाऊन १२८ मिलिसेकंदांच्या वर गेला आणि काही वेळ तिथे राहिला की ते सरळ घड्याळ उडीने मागे आणतं, आणि हे अधूनमधून होत राहिलं असतं. आपल्याकडे निदान घड्याळ एकदाही मागे गेलं नाही.

आणि मागे जाणं इथे का चालणार नव्हतं ते सांगतो, कारण पुढचा निर्णय त्याच्यावर आहे. येणारी प्रत्येक नोंद स्रोत आणि वेळ या जोडीने ओळखली जाते, तीच जोडी डेटाबेसमध्ये युनिक. ३८ सेकंद मागे उडी म्हणजे ३८ सेकंदांच्या वेळा दुसऱ्यांदा येणार, काही नोंदी नाकारल्या जाणार, काही उलट्या क्रमाने बसणार. शिवाय दोन वेळांची वजाबाकी करून अवधी काढणारा जो कोड असेल त्याला उणे अवधी मिळणार. हे नुसतं पुस्तकी भय नाही. १ जानेवारी २०१७ ला लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी वेळ जुळवायला मिळवलेला जादा सेकंद) आला तेव्हा क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये नेमकं हेच झालं, वेळ मागे जाऊ शकते हे गृहीतच नव्हतं, उणे संख्या रँडमच्या फंक्शनला गेली आणि प्रोग्राम कोसळला, त्यांनी स्वतःच ते सविस्तर लिहिलंय. त्याच वर्षी गो भाषेच्या १.९ आवृत्तीत वेळेच्या किमतीसोबत मोनोटॉनिक घड्याळही ठेवायला सुरुवात झाली. एक सेकंदाने हे होतं, आपल्याकडे ३८ होते.

गोळा करणं थांबवून, घड्याळ मागे करून, ४० सेकंद थांबून परत चालू करणं हाही रस्ता होता, पण यंत्रं सतत पाठवत असतात आणि मध्ये थांबवायची परवानगी नव्हती. म्हणजे हळूहळूच जिरवायचं. प्रश्न उरतो किती हळू.

पहिला पर्याय, टिक १०,००० वर आणायचा आणि बाकी डेमनवर सोडायचं. उणे ५०० आणि क्रिस्टलचे उणे २०, एकूण ५२० पीपीएम, ३८ सेकंदांना २० तासांच्या थोडं वर. चालेल, पण तोवर लॉगिनची तक्रार बराच वेळ राहणार. दुसरं टोक म्हणजे क्रॉनी, वेळ जुळवणारा दुसरा तयार प्रोग्राम. त्याची स्ल्यूची, म्हणजे वेग बदलून फरक जिरवण्याची, डिफॉल्ट कमाल मर्यादा ८३,३३३ पीपीएम आहे, बाराव्या हिश्शाने घड्याळ मंद होऊ शकतं, ३८ सेकंद साडेसात मिनिटांत खलास. ऐकायला छान वाटतं, पण घड्याळ ८ टक्के मंद असताना त्या मशीनवरच्या सगळ्या झोपा (प्रोग्रामने ठरावीक वेळ थांबणं, स्लीप) आणि टायमर ८ टक्के लांबतात, कारण ते ज्या मोनोटॉनिक घड्याळावर चालतात त्याचाही वेग बदललेला असतो. सेकंदाला १०० वेळा मोजणारा लूप ९२ वेळाच मोजेल आणि नोंदींवर मात्र १०० चा शिक्का. वेब सर्व्हर असता तर मी डोळे झाकून क्रॉनी निवडला असता. मोजमापाच्या मशीनवर हे डेटा बिघडवणंच झालं.

मोजणाऱ्यांना विचारलं, अवधीत किती चूक चालेल, उत्तर आलं ०.२ टक्क्यांच्या आत. म्हणजे २००० पीपीएम ही भिंत. तर टिक ९९९०, उणे १०००, अधिक डेमनचे उणे ५००, अधिक क्रिस्टलचे उणे २०, एकूण १५२० पीपीएम, भिंतीच्या आत पुरेशी जागा सोडून. ३८ भागिले ०.००१५२, बरोबर २५,००० सेकंद, सात तासांपेक्षा जरा कमी. हाच घेतला.

करताना क्रम असा ठेवला. आधी ती फाइल सुधारली, टिक १०,०००, म्हणजे मध्येच मशीन रीबूट झालं तरी जुनं भूत परत येणार नाही. मग चालू कर्नलमध्ये टिक १०,००० केला आणि थांबून बघितलं की फरक मिनिटाला ३१.२ मिलिसेकंदांनी कमी होतोय का. होत होता. ही थांबायची पायरी मी कोणालाही वगळू देणार नाही, कारण निदान चुकलेलं असेल तर ते इथेच कळतं आणि अजून काही बिघडलेलं नसतं. मग ९९९०, आता मिनिटाला ९१.२ मिलिसेकंद. टिक बदलला की वेळ उडत नाही, त्या क्षणापासून फक्त वेग बदलतो, त्यामुळे चालू मशीनवर हे करायला भीती नाही.

खरी भीती शेवटाची असते. ९९९० तसाच राहिला तर घड्याळ शून्य ओलांडून मागे पडत जाणार आणि डेमनचे ५०० त्याला पुरणार नाहीत, म्हणजे तोच आजार उलट्या दिशेने. म्हणून स्क्रिप्ट दर मिनिटाला फरक बघत होती आणि तो एका सेकंदाच्या आत आला की टिक १०,००० करणार होती, स्क्रिप्ट मध्येच मेली तरी बाहेर पडताना तेच करणार होती, आणि तिच्यावर सुद्धा विश्वास न ठेवता सिस्टमडीचा एक वेगळा टायमर आठ तासांनी काहीही झालं तरी १०,००० लावणार असा ठेवला होता. त्याची गरज पडली नाही पण तो नसता तर मी हे चालू मशीनवर केलं नसतं.

साधारण दीड तासात फरक ३० सेकंदांच्या खाली आला आणि लॉगिनची तक्रार थांबली. पावणेसात तासांनी एक सेकंद उरला, टिक जागेवर आला, शेवटचा सेकंद डेमनने अर्ध्या तासात एकट्याने जिरवला. त्यानंतर दर मिनिटाला निघणारा फरक १.२ मिलिसेकंद, म्हणजे क्रिस्टलचेच ते २० पीपीएम, बाकी काही नाही. तेही घालवायचे तर ॲडजटाइमेक्सची फ्रिक्वेन्सी वापरायची, तिथे १ पीपीएमला ६५,५३६ लिहायचे, २० ला १३,१०,७२०. ॲडजटाइमकडे ही मूठच नाही, त्याला फक्त "एवढा फरक काढ" एवढंच कळतं, वेग कायमचा चुकतोय हे त्याला सांगता येत नाही. ही उणीव भरून काढायलाच वेळ आणि वेग दोन्ही कर्नलच्या हातात देणारी रचना डेव्हिड मिल्स यांनी १९९४ साली आरएफसी १५८९ मध्ये मांडली, आणि ॲडजटाइमेक्स त्याच रचनेतलं आहे.

डेमनमध्ये बदल एकच केला, नल काढून ओल्डडेल्टा घेतला. तब्येत चांगली असताना १.२ मिलिसेकंद अडीच सेकंदांत संपतात, म्हणजे पुढच्या कॉलला बाकी शून्य दिसली पाहिजे. सलग दहा कॉलना बाकी शून्य नसेल तर इशारा. बिघाडाच्या दिवसांत हे असतं तर साडेपाच दिवसांऐवजी दहा-अकरा मिनिटांत कळलं असतं. एक बारीक गोष्ट, बाकी उणे असेल तेव्हा ग्लिबसी सेकंद आणि मायक्रोसेकंद दोन्ही उणे देतं, छापताना आणि तुलना करताना दोन्ही बघा, नाहीतर अर्ध्या सेकंदाची उणे बाकी सेकंदांच्या रकान्यात शून्य दिसते. पुढच्या नियोजित बंदच्या वेळी डेमन काढून क्रॉनी लावला, पण कमाल स्ल्यू १००० पीपीएमवर बांधून आणि उडीची परवानगी चालू झाल्यावरच्या पहिल्या तीन अपडेटपुरतीच देऊन. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवले नाहीत, एका घड्याळावर दोन हात असले की दोघांचेही हिशोब बिघडतात.

राहिला आधीच साठलेला डेटा, त्या दिवसांतल्या नोंदी ज्यांच्या वेळा शून्य ते ३८ सेकंद पुढच्या आहेत. सरळ ८० पीपीएमच्या सूत्राने त्या मागे सरकवता आल्या असत्या, पण तापमानाने क्रिस्टल एखादा पीपीएम इकडेतिकडे होतं आणि साडेपाच दिवसांत एका पीपीएमचा जवळजवळ अर्धा सेकंद होतो. त्यापेक्षा डेमनची ती मिनिटामिनिटाची फाइल वापरली, नोंदीच्या मागच्या-पुढच्या दोन मोजमापांमधला फरक काढला आणि मूळ वेळेला हात न लावता शेजारी दुरुस्त वेळेचा नवा कॉलम केला. दुरुस्ती चालू होती ते सात तासही त्याच फाइलमधून गेले, तिथे रेघेचे तीन वेगवेगळे उतार दिसतात, १०,००० चा, ९९९० चा आणि शेवटचा परत १०,००० चा, आणि ज्याला अवधी अचूक हवाय त्याने त्या त्या उताराने भागावं म्हणून ते तीन आकडे आणि त्यांच्या वेळा डेटासोबतच ठेवल्या आहेत.